बडोद्याहून कुत्र्यासकट समुद्रकाठचा कॅम्प: तिथल, दमण, शिवराजपूर की नारगोल?

समुद्रकाठच्या कॅम्पच्या जाहिरातीत तंबूच्या दारातून थेट लाटा दिसतात. मुलं आणि कुत्रा बरोबर असतील तर नेमका तोच तंबू घेऊ नका. दारात समुद्र म्हणजे रात्रभर वारा, अंथरुणात वाळू, सकाळी नऊलाच भट्टी झालेला तंबू आणि जरा नजर हटली की पोर पाण्यात. किनाऱ्यापासून दोन-तीनशे मीटर आत, सरूच्या बनामागे किंवा चिकूच्या वाडीत असलेला साधा कॅम्प केव्हाही बरा.

नकाशात बडोद्याच्या जवळ दिसणारा समुद्र मुक्कामाच्या कामाचा नाही. कावी-कंबोई जेमतेम पाऊणशे किलोमीटर, पण खंभातच्या आखातात वाळूऐवजी गाळ आहे. भरतीत दिवसातून दोन वेळा बुडणारं तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ बघावं, जेवून परत यावं. राहायचं तर सुरतेच्या खाली जा, नाहीतर सौराष्ट्र गाठा.

सौराष्ट्रातलं शिवराजपूर दिसायला सगळ्यात देखणं: पांढरी वाळू, निळं पाणी, २०२० पासून ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याला मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन. (ओखामंडळ एकेकाळी बडोदे संस्थानातच होतं, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना त्याचं जरा जास्तच कौतुक.) पण ब्लू फ्लॅगच्या निकषांतच कुत्र्यांच्या वावरावर कडक नियंत्रण आहे, म्हणजे कॅम्पवाला हो म्हणाला तरी कुत्रा किनाऱ्यावर नेता येईलच असं नाही. दीवचा घोघलाही त्याच यादीतला. त्यात शिवराजपूरला रस्ता पाचशे किलोमीटरच्या वर. फक्त मुलं असतील तर जरूर जा, कुत्र्यासाठी बाद.

तिथल सोपं. रेल्वेने वलसाड साधारण दोनशे किलोमीटर आणि पुढे चार-पाच किलोमीटर रिक्षा. काळी वाळू, खाण्यापिण्याची रेलचेल, आजी-आजोबांना देवळं. पण शनिवार-रविवारी माणसांचा पूर, आणि टपऱ्यांभोवती भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या. आपला लाडोबा तिथे पट्ट्यातही सुखाने चालू शकत नाही. दमणचं जांपोर त्या मानाने मोकळं, मात्र दमणला लोक कशाला येतात हे गुजरातेत कुणाला सांगायला नको. रात्री डीजे, सकाळी वाळूत काचा. काचेने पंजा कापला की सहलीचा निकाल लागला.

उरतं नारगोल-उमरगाव, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि आमचं मत त्यालाच. किनाऱ्यालगत सरूचं दाट बन, मागे वाड्या, गर्दी बेताची. हा तालुका १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यामुळे गावात मराठी चालून जातं. ५ मेच्या आसपास सहजयोग्यांचा मेळा असतो, तेवढा टाळा. दुसरी खोड कुत्र्यापुरती: कोळीवाड्याजवळ बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. त्या वासाने शहाण्यातलं शहाणं लॅब्रेडॉरही हात सोडवून पळतं, आणि जाळ्यांच्या तुकड्यांत गळ अडकलेले असतात. गळ गिळला तर ओढून काढायला जाऊ नका, दोरा दिसला तरी नाही. सरळ वलसाड किंवा वापीचा पशुवैद्य गाठा. म्हणून कॅम्प कोळीवाड्यापासून निदान किलोमीटरभर लांबचा घ्या.

आता फोनवर काय विचारायचं. ‘पेट-फ्रेंडली’ या शब्दावर जाऊ नका. कुत्रा रात्री तंबूत आमच्याजवळ झोपणार की बाहेर खुंटाला, एवढंच विचारा. निम्मे कॅम्प इथेच गळतात. मग कुंपण. काटेरी तार असेल तर नको, जाळी हवी, आणि खालून वीतभर फट नको, कारण कुत्रं वाळू उकरून बाहेर जातं. कॅम्पचे स्वतःचे कुत्रे मोकळे असतात का? असतील तर भांडण ठरलेलं. पाणी गोडं आहे का? किनाऱ्यालगतच्या बोअरला बहुतेकदा मचूळ पाणी लागतं, साबणाला फेस येत नाही, आणि अशा पाण्याने धुतलेला कुत्रा दोन दिवसांत खाजवायला लागतो. जनरेटर किती वाजता बंद होतो हेही विचारा. तंबूच्या चेनचा जवळून फोटो मागवा. खारी हवा चेन आधी खाते. ती हिरवट पडलेली दिसली की समजा, रात्री दार लागणार नाही, डास आणि कुत्रा दोघांनाही रस्ता मोकळा. चेन नुसती अडकत असेल तर दातांवर मेणबत्ती घासा, तेल लावू नका, तेलावर वाळू बसते.

तारीख ठरवताना पंचांग काढा. चांदण्यासाठी लोक पौर्णिमा धरतात आणि तिथेच फसतात. कोळ्यांचा जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. हा मुंबईकडचा हिशोब, उत्तरेला सरकावं तशी भरती उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पण पाणी चढतं ते भर दुपारी आणि मध्यरात्री. मुलांच्या खेळायच्या वेळी, संध्याकाळी सहाला, समुद्र लांब गेलेला आणि पुढ्यात नुसता चिखल. षष्ठी ते अष्टमी घ्या: संध्याकाळी पाणी जवळ, चढउतार कमी. ओहोटीत मुलांना दूरवर चालू देऊ नका. पाणी परतताना आधी मागच्या खोलगट चरांत भरतं, समोर कोरडं दिसत असतानाच परतीची वाट बुडते.

स्वतःचा तंबू नेणार असाल तर बरोबर मिळणारे सहा-सात इंची खुंटे वाळूत धरत नाहीत. रिकाम्या पिशवीत पाच-सहा किलो वाळू भरा, मधोमध दोर बांधा, आणि हातभर खड्ड्यात ती दोराला आडवी पुरून वर वाळू तुडवा. चारी कोपऱ्यांना असंच. तंबूचं दार समुद्राकडे ठेवू नका, दुपारनंतरचा वारा तिकडूनच येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव इतकं पडतं की आतलं कापड बाहेरच्याला टेकलं तर गाद्या ओल्या होतात. दोन्हींत चार बोटं अंतर राहील असे ताण द्या. हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. मार्चनंतर दुपार सोसत नाही.

कुत्र्याची तयारी आठवडाभर आधी. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसची लस चालू मुदतीत हवी, लसींचं पुस्तक बरोबर घ्या. बनातल्या पाचोळ्यात, गुरं चरतात तिथे, गोचीड हमखास असते. तिचं औषध निघण्याआधी निदान दोन-तीन दिवस दिलेलं हवं, तिथे जाऊन नाही. पिण्याचं पाणी दिवसाला किलोमागे पन्नास-साठ मिली, म्हणजे पंचवीस किलोच्या कुत्र्याला सव्वा ते दीड लिटर, उन्हात दुप्पट धरा. किनाऱ्यावर गोडं पाणी समोर ठेवलं नाही तर तो खारं पितो, मग रात्री उलट्या-जुलाब आणि तंबू धुणं. खूप प्यायला असेल आणि सुस्तावला किंवा थरथरू लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर. काळी वाळू पांढरीपेक्षा लवकर तापते. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही टेकणार नाहीत. परतल्यावर बोटांमधली वाळू धुवून कोरडी करा, कान पुसा.

कुत्रा बरोबर असेल तर जायचं मोटारीनेच. निघण्यापूर्वी तीन-चार तास कुत्र्याला खायला देऊ नका, दर दोन तासांनी थांबा. रेल्वेत कुत्रा बरोबर बसवायचा तर फर्स्ट क्लासचा दोघांचा अख्खा कूपे किंवा चौघांची केबिन घ्यावी लागते. टू टियर, थ्री टियर, चेअर कार, स्लीपर, कुठेच चालत नाही. नाहीतर ब्रेक व्हॅनमधला, म्हणजे गार्डच्या डब्यातला पिंजरा, आणि तो चार तासांसाठीही कुठल्या कुत्र्याला देऊ नये.