युद्धसाहित्यातून शांतता शिकवणारा संच: उतारे दमदार, तासिकांचं गणित कच्चं

ठाण्यातल्या एका छोट्या गटाने आठवी ते दहावीसाठी काढलेला हा संच सध्या नौपाडा आणि वर्तकनगर भागातल्या काही शाळांत फिरतो आहे. खोक्यात चार उताऱ्यांच्या प्रत्येकी ३० प्रती, शिक्षकांसाठी ४० पानी पुस्तिका, घडीकामाचे रंगीत कागद आणि शांततेच्या घोषवाक्यांचे ८ तक्ते निघतात. किंमत १,८०० रुपये. उतारे निवडणाऱ्याला साहित्य कळतं, तासिका आखणाऱ्याला वर्ग कळत नाही, असा एकूण मामला आहे.

सगळ्यात जोरकस उतारा महाभारताच्या स्त्रीपर्वातला. गांधारी रणांगणात उभी राहून कृष्णाला एकेक प्रेत दाखवते आहे. पात्रं मुलांना घरूनच ठाऊक असतात, त्यामुळे ओळखपाळखीत वेळ जात नाही. कृतीही साधी: मेलेल्या प्रत्येकाचं नाव पेन्सिलीने अधोरेखित करायचं आणि शेजारी लिहायचं, त्याच्यासाठी कोण रडतंय. दहा मिनिटांत वहीत दोन रकाने भरतात आणि कौरवांच्या यादीत मध्येच अभिमन्यू निघतो. शत्रूच्या पोरासाठी आणि त्याच्या उत्तरेसाठी ही का रडते, हे शिक्षकाला विचारावं लागत नाही, मुलंच विचारतात.

पण पुस्तिकेने उतारा नेमका तिथेच तोडलाय. पुढे हीच गांधारी कृष्णाला शाप देते की ३६ वर्षांनी तुझ्याही कुळाचा असाच आपसांत नाश होईल. ते पान गाळल्यामुळे बिचारी शांततेची देवी होऊन बसते. शाप मुद्दाम वाचून दाखवा. दुःख भोगलं की माणूस आपोआप शांत होतो, ही समजूत तिथे मोडते, आणि नववीच्या मुलांना अशा समजुती मोडताना बघायला भारी आवडतं.

पानिपतचा उतारा जेमतेम तीन ओळींचा आहे. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर पेशव्यांच्या हाती पडलेला, सावकारी भाषेतला निरोप: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे निम्मा वर्ग सांगतो. मग फळ्यावर फक्त 'खुर्दा' लिहा आणि थांबा. खुर्दा म्हणजे चिल्लर, हेही हल्ली सांगावं लागतं. चिल्लर कोण, तिचा हिशोब का नाही, तिच्या घरी निरोप कोणी नेला असेल, एवढ्या तीन प्रश्नांवर अख्खी तासिका निघते. मोहरांचा आकडा पुस्तिकेत ठामपणे २७ छापलाय. तो पुस्तकागणिक बदलतो, तेव्हा चाचणीत त्यावर गाळलेल्या जागा काढू नका.

खरी पडझड इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेनच्या विषारी वायूवरच्या कवितेत आहे, आणि दोष कवितेचा नाही, अनुवादाचा आहे. मुळात वायू आल्यावर सैनिक घाईघाईने 'हेल्मेट' चढवतात. अनुवादकाने 'शिरस्त्राण' लिहून मोकळं केलं. मुलांच्या डोळ्यांसमोर लोखंडी टोप येतो आणि टोप घालून वायूपासून कसा बचाव होणार, इथे वर्ग अडकतो. पहिल्या महायुद्धात त्या शब्दाने वायूपासून वाचवणारं, डोळ्यांपाशी काचा असलेलं कापडी टोपडंही ओळखलं जाई. ते कळलं की पुढची हिरवी, धुरकट, समुद्रात बुडाल्यासारखी प्रतिमा आपोआप उलगडते, कारण कवी त्या काचांतून बघतोय. तेव्हा शब्द खोडून 'वायूचा मुखवटा' लिहा. दुसरी चूक याहून महाग पडते. मातृभूमीसाठी मरणं गोड असतं, हे रोमन कवी होरेसचं लॅटिन वचन कवितेच्या अगदी शेवटी खोटं म्हणून समोर येतं. अनुवादात त्याचा अर्थ शीर्षकातच देऊन टाकलाय, म्हणजे रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर खुन्याचा फोटो. शीर्षक झाकून झेरॉक्स काढा.

याच तासिकेत कुणीतरी हमखास विचारतं, 'सर, मग हा आपल्या जवानांचा अपमान नाही का?' पुस्तिकेत उत्तर आहे: सर्वांचा आदर करावा. याने कुणाचंच समाधान होत नाही. त्यापेक्षा वस्तुस्थिती सांगा. ओवेनला शौर्यासाठी मिलिटरी क्रॉस मिळाला होता आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धबंदीच्या आठवडाभर आधी, तो आघाडीवरच मारला गेला. लिहिणारा पळपुटा नव्हता. ज्या घरात कुणी सैन्यात आहे त्या मुलाला आदल्या दिवशी बाजूला घेऊन विषयाची कल्पना द्यावी. वर्गासमोर त्याच्याकडे बोट दाखवून 'आता तू सांग' असं करू नये.

चौथा पाठ सादाको सासाकी या जपानी मुलीचा. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, ल्युकेमियाने २५ ऑक्टोबर १९५५ रोजी गेली. हजार कागदी करकोचे केले की इच्छा पुरी होते, या समजुतीने ती आजारपणात घड्या घालत होती. पुस्तिका म्हणते, ६४४ करकोचे झाले आणि हजार अपुरे राहिले. ही गोष्टीच्या पुस्तकातली सोय आहे. हिरोशिमाच्या संग्रहालयाच्या माहितीनुसार तिचे हजार पुरे झाले होते आणि त्यानंतरही ती घड्या घालत राहिली. हजार करूनही बरी झाली नाही, ही खरी गोष्ट वर्गात जास्त अवघड आणि म्हणूनच जास्त कामाची. करकोच्याला पुस्तिकेने १० मिनिटं दिलीत. पहिल्यांदा करणाऱ्याला २० लागतात, आणि चौरस घडी उघडून लांबट पाकळी उचलायच्या पायरीवर अर्धा वर्ग हात वर करतो. १५ सेंटिमीटरचा पातळ कागदच घ्या, झेरॉक्सचा जाड कागद शेपटीपाशी फुगतो. नाहीतर शांततेचा तास हस्तकलेचा होतो.

वेळेचं म्हणाल तर ३५ मिनिटांतली ५ हजेरीत जातात आणि कविता दोनदा वाचल्याशिवाय चर्चा उभी राहत नाही. मुख्याध्यापकांकडून सलग दोन तासिका मागून घ्या, नसेल तर ओवेन आणि गांधारी एवढंच करा.

ठाण्यात तयार झालेल्या संचात ठाण्याचा किल्ला नसावा, याचं मात्र नवल वाटतं. १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आणि १७७४ च्या डिसेंबरात मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेलेली ती जागा आज मध्यवर्ती कारागृह आहे आणि कितीतरी मुलं रोज तिच्या भिंतीलगतच्या रस्त्याने शाळेत जातात. एका पानाची पुरवणी सहज झाली असती.

एका शाळेने दोन तुकड्यांत मिळून एक संच घ्यावा, प्रती पुरतात. ८ तक्ते भिंतीवर लावायची घाई नको. त्यांची मागची बाजू कोरी आहे, गांधारीचे दोन रकाने आखायला ती उत्तम.