मार्चमध्ये जूनचा फ्लॅट बुक केला आणि ४९ हजार गेले : बडोद्याचा अनुभव

मी शहाद्याची, बडोद्याला युनिव्हर्सिटीत शिकते. टीवायपर्यंत होस्टेलला होते, आता एमएस्सी चालू आहे. हे सगळं लिहायचं कारण म्हणजे परवा आमच्या डिपार्टमेंटच्या ज्युनियर मुली आपसात बोलत होत्या की पुढच्या वर्षीचा फ्लॅट आत्ताच बघून ठेवू, नंतर मिळत नाही, आणि मला एकदम आमचा मार्च २०२५ आठवला. तेव्हा आम्ही चौघी अगदी हेच बोलत होतो. मी त्यांना तिथेच थांबवून सगळं सांगितलं, पण दरवर्षी खानदेशातून, नाशकाकडून कितीतरी मुलंमुली इकडे येतात, त्यांच्यापर्यंत पण जायला पाहिजे म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही चौघी म्हणजे मी, एक शिरपूरची, एक जळगावची आणि एक इथलीच पादऱ्याची गुजराती मुलगी. होस्टेलला दरवर्षी नव्याने फॉर्म भरायचा, लिस्ट लागायची वाट बघायची, आणि मास्टर्सला मिळेल की नाही ते कोणी सांगत नव्हतं. त्यात आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचा पूर आला होता, ज्यांनी तो बघितलाय त्यांना सांगायला नको, ग्राउंड फ्लोअरला राहणाऱ्या मुलांच्या गाद्या, पुस्तकं, लॅपटॉप सगळं गेलं होतं. त्यामुळे वरच्या मजल्याचे फ्लॅट आधी जातात असं सगळीकडे बोललं जायचं, आणि आमच्या डोक्यात तेच बसलं, की वरचा मजला पाहिजे आणि लवकर पाहिजे.

एका सिनियरने ब्रोकरचा नंबर दिला. त्याने फतेगंजमध्ये तिसऱ्या मजल्याचा टू बीएचके दाखवला, भाडं १४ हजार. युनिव्हर्सिटी चालत दहा-बारा मिनिटं. आत सामान होतं, कपडे वाळत घातलेले, गॅसवर कुकर. दार उघडलं ते एका तिशीतल्या माणसाने, आणि आम्ही आपसात मराठीत बोलतोय हे ऐकून तो पण मराठीतच बोलायला लागला. म्हणे मी इथल्याच दांडिया बाजारचा, माझी आजी धुळ्याची, तुम्ही तर आपलीच माणसं. घराचे मालक अमेरिकेत असतात, सगळा व्यवहार मीच बघतो, आता इथे माझे मित्र राहतात ते मे अखेरीला जातील, जूनपासून फ्लॅट तुमचा. आम्हाला एवढं बरं वाटलं ना की काय सांगू. घरापासून लांब राहणाऱ्या मुलीला कोणी "ताई पाणी घ्या आधी" म्हणलं की मन पटकन मऊ होतं, आणि तिथेच आमचं विचारायचं तोंड बंद झालं. त्याला आम्ही लगेच दादा म्हणायला लागलो. आता दादाकडे कागद कसे मागणार.

खाली उतरताना शिरपूरवालीने मात्र एक गोष्ट बरोबर पकडली होती. पार्किंगमध्ये फ्लॅट नंबर आणि मालकांच्या नावांचा बोर्ड होता, त्यावर ह्या फ्लॅटपुढचं नाव वेगळं होतं, ह्याने सांगितलेलं नव्हतं. तिने विचारलं. तो म्हणाला अहो जुना बोर्ड आहे, बदललाच नाही कोणी. आणि आम्ही बाकीच्या तिघींनी तिलाच गप्प केलं, कशाला उगाच संशय घेते म्हणून. तिची मी नंतर माफी मागितली आहे.

मग घाई सुरू झाली. ब्रोकर संध्याकाळी फोन करून म्हणे इंजिनिअरिंगच्या पोरांचा ग्रुप तयार आहे, ते आजच टोकन देतायत, "पछी कहेता नहीं के भाईए कह्युं नहोतुं", म्हणजे नंतर म्हणू नका की भाईने सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ५ हजार टोकन दिलं. दोन दिवसांत तो दादा म्हणाला नुसत्या टोकनवर मी दोन-अडीच महिने फ्लॅट रोखून नाही धरू शकत, करार करून टाकू. तर २३ मार्चला, रविवारी, आम्ही चौघींनी ३०० रुपयांच्या स्टॅम्पवर सह्या केल्या. डिपॉझिट दोन महिन्यांचं २८ हजार, टोकन त्यात धरून. फ्लॅट रोखायचे म्हणून अर्ध्या महिन्याचं भाडं ७ हजार. ब्रोकरला एक महिन्याचं १४ हजार. टोटल ४९ हजार, प्रत्येकीचे १२,२५०. दादाचे पैसे यूपीआयने दोन वेगवेगळ्या नंबरवर मागितले, एक त्याच्या स्वतःच्या नावाचा पण नव्हता, म्हणे लिमिट संपलीय. माझ्या पप्पांनी कापसाच्या पैशांतून पाठवले होते ते.

इथे थोडं थांबून सांगते, कारण माझ्या मते खरी चूक इथेच झाली. आम्हाला वाटत होतं फसवणूक म्हणजे खोटे कागद, खोटी सही. पण त्याच्या आधीची गोष्ट अशी की मार्च महिन्यात जूनचं घर कोणाच्याच हातात नसतं. विद्यार्थ्यांचे फ्लॅट रिकामे होतात ते परीक्षा झाल्यावर, एप्रिल अखेरीपासून जूनपर्यंत, शेवटच्या वर्षाची मुलं घरी गेली की. म्हणजे मार्चमध्ये तुम्हाला जो फ्लॅट दाखवतात त्यात कोणीतरी राहत असतं, आणि किल्ली देण्याची ताकद दाखवणाऱ्याकडे नसते. तुम्ही पैसे देता ते फक्त त्याच्या शब्दाला. आणि आपल्या बाजूने तरी काय पक्कं असतं मार्चमध्ये? परीक्षा व्हायची, रिझल्ट लागायचा, अ‍ॅडमिशन आता जीकॅस ह्या गुजरातच्या कॉमन प्रवेश पोर्टलवरून, तिथे राउंडवर राउंड चालतात, होस्टेलची लिस्ट त्याच्यानंतर. चारपैकी एकीचं पण पुढचं वर्ष ठरलेलं नव्हतं आणि आम्ही ११ महिन्यांच्या करारावर सह्या करून मोकळ्या झालो.

झालं पण तसंच. मे महिन्यात जळगाववालीला पुण्याला अ‍ॅडमिशन मिळाली. ती रडत होती की माझे १२ हजार जातील का. आम्ही तेव्हा पहिल्यांदा तो करार नीट वाचला. लिहिलं होतं की कोणी सोडलं तर बाकीच्यांनी पूर्ण भाडं भरायचं, आणि मुदतीच्या आधी फ्लॅट सोडला तर डिपॉझिट परत नाही. आम्ही म्हणलो असं कसं, मग पप्पांच्या ओळखीच्या वकील काकांना विचारलं. ते म्हणाले वेगळं लिहिलं नसतं तरी जवळपास हेच झालं असतं, कारण १८७२ च्या करार कायद्यातलं ४३ कलम असं आहे की दोघातिघांनी मिळून एखादी जबाबदारी घेतली आणि करारात दुसरं काही ठरलेलं नसेल तर समोरचा माणूस त्यांच्यातल्या कोणा एकाकडून पण सगळी रक्कम मागू शकतो, मग त्या एकाने बाकीच्यांकडून आपापला वाटा वसूल करत बसायचं. म्हणजे मैत्रिणीबरोबर सही करणं म्हणजे तिच्या भाड्याची जबाबदारी पण घेणं. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आणि ही गोष्ट घरमालक खरा असला तरी लागू आहे बरं का.

त्या दादाला फोन केला तर तो अजून पण गोड बोलत होता, म्हणे चौथी मुलगी शोधा, काही प्रॉब्लेम नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फोन उचलत होता. मग बंद.

१४ जूनला मी आणि शिरपूरवाली नंदुरबारहून गाडीत बसलो, सुरतला गाडी बदलली, गाद्या, भांड्यांचं पोतं, शेगडी, सगळं घेऊन दुपारी फतेगंजला पोचलो. दार एका बाईंनी उघडलं, कडेवर लहान बाळ. त्यांनी मे महिन्यापासून तो फ्लॅट भाड्याने घेतलेला, रीतसर करार, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळं. आणि त्या बिचाऱ्या म्हणाल्या की तुम्ही दुसऱ्या आहात, कालच तीन मुलं येऊन गेली सामान घेऊन. म्हणजे ज्या इंजिनिअरिंगच्या पोरांची आम्हाला भीती घातली होती ते खरंच होते, आणि त्यांना आमची भीती घातली होती.

मालक अमेरिकेत वगैरे काही नव्हते. कारेलीबागला राहणारे रिटायर्ड गृहस्थ, वीस मिनिटांच्या अंतरावर. पार्किंगच्या बोर्डावर नाव त्यांचंच होतं. तो "दादा" त्यांचा भाडोत्री होता, ३० एप्रिलला घर सोडून गेला. ते कुकर, ते कपडे त्याचेच. सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरच राहतात, ते म्हणाले बेटा एकदा माझी बेल वाजवली असती तर मी तेव्हाच सांगितलं असतं. हे वाक्य मला अजून झोपताना आठवतं.

त्या रात्री आम्ही कुठे गेलो असतो देव जाणे. माझ्या आईची चुलत मावशी दांडिया बाजारला राहते, तिच्याकडे सामानासकट गेलो. ती काही बोलली नाही, आधी जेवायला घातलं. दुसऱ्या दिवशी तिचे मिस्टर, आमचे काका, आमच्याबरोबर पोलीस स्टेशनला आले. लेखी अर्ज दिला, स्क्रीनशॉट, कराराची झेरॉक्स जोडली, आणि अर्जाची पोच सही-शिक्क्यासकट मागून घेतली, ती काकांनी आठवणीने मागितली, आम्हाला सुचलंच नसतं. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, पण फोन लावला, तक्रार नोंदवून घेतली, पण पैसे जाऊन अडीच महिने झाले होते. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, रक्कम पुढे सरकायच्या आत खातं थांबवता आलं तर काही हाताला लागतं. आमच्या वेळी त्या खात्यांत काहीच शिल्लक नव्हतं. ब्रोकर म्हणायला लागला मला पण फसवलं त्याने. काका त्याच्या दुकानात दोन वेळा जाऊन बसले तेव्हा १४ मधले ७ हजार त्याने परत केले. बाकी ४२ हजार अजून आलेले नाहीत.

आता हे वाचून कोणी म्हणेल की मग बाहेर राहायचंच नाही का. राहायचं की. आम्ही मावशीकडे नऊ दिवस होतो आणि त्या नऊ दिवसांत आम्ही सहा घरं बघितली. जूनमध्ये! ज्या जूनमध्ये काहीच शिल्लक राहत नाही असं आम्हाला सांगितलं होतं. शेवटी निझामपुऱ्यात एका टेनामेंटचा, म्हणजे इकडच्या स्वतंत्र छोट्या घराचा, वरचा मजला मिळाला, आम्हा तिघींना ११ हजारात, कारण जळगाववाली पुण्याला गेली होती आणि आता तिघीच राहणार हे पक्कं होतं. तेव्हा फीच्या पावत्या तिघींच्या हातात होत्या. मला वाटतं सही करायची वेळ हीच, ग्रुपमधल्या प्रत्येकाची फी भरून झाली, होस्टेलची लिस्ट लागली, आणि घर रिकामं दिसतंय. त्याच्या आधी बघून ठेवा, भाव विचारा, एरिया ठरवा, पण पैसे आणि सही नाही. अगदीच कोणाला टोकन द्यायचं असेल तर हजार-दोन हजार, मालकाच्या स्वतःच्या खात्यात, आणि कशाचं टोकन आहे आणि कधी परत मिळणार ते मेसेजवर लिहून घेऊन.

ह्यावेळी घरमालकीण काकूंकडे आम्ही घाबरत घाबरत लाईट बिल आणि वेरा बिल, म्हणजे घरपट्टीचं बिल, मागितलं. त्यांना राग येईल असं वाटत होतं. त्यांनी कपाटातून फाईलच आणून ठेवली पुढ्यात, आणि उलट आमचे आधार कार्ड आणि आईवडिलांचे नंबर मागितले पोलीस व्हेरिफिकेशनला. ज्याचं घर आहे त्याला ह्या कागदांचं काही वाटत नाही. तो दादा व्हेरिफिकेशनचं नाव काढलं की म्हणायचा "आपल्या माणसांना कशाला ते". मालक खरंच परदेशात असेल तर इथल्या माणसाकडे त्याचं कुलमुखत्यारपत्र पाहिजे, आणि मालकाशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला, दोन्ही गोष्टी.

करार काकूंच्या ओट्यावर बसून वाचला, एकेक ओळ. एक ओळ आम्ही घालून घेतली, कोणी मध्येच गेली तर एक महिना आधी सांगून तिच्या जागी दुसरी मुलगी आणता येईल आणि जाणारीचा डिपॉझिटचा वाटा येणारी देईल. काकूंनी फक्त एवढं म्हणलं की येणारी मुलगी मी आधी बघणार. तारखेचा पण विचार केला. करार ११ महिन्यांचा असतो कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्टर करावा लागतो, तर ते ११ महिने कधी सुरू होतात आणि कधी संपतात ते आपल्या परीक्षेशी जुळवून बघा, नाहीतर उन्हाळ्यात गावी बसून रिकाम्या घराचं भाडं भरावं लागतं. डिपॉझिट दिलं ते किल्ली हातात घेतल्यावर, त्याच खोलीत उभं राहून.

जळगाववालीला तिचे पैसे अजून मिळालेले नाहीत, ब्रोकरकडून आलेल्या ७ हजारांतले १,७५० तेवढे तिला पाठवले. ती तीन मुलं आता आमच्या संपर्कात आहेत, त्यांचे ३५ हजार गेलेत, त्यांचा अर्ज आणि आमचा अर्ज काकांनी एकत्र लावायला सांगितलंय. फतेगंजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेसाठी फेब्रुवारी ते मे २०२५ मध्ये अजून कोणी पैसे दिले असतील, मराठी बोलणारा माणूस, मालक अमेरिकेत, असं काही ऐकलं असेल, तर यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि कराराचा फोटो डिलीट करू नका. लाजू पण नका. आम्ही घरी सांगायला दोन दिवस लाजलो होतो. आपापल्या पोलीस स्टेशनला अर्ज द्या आणि त्यात लिहा की असेच आणखी अर्ज फतेगंजच्या फ्लॅटबद्दल आधी आलेले आहेत.