फिश टँकचा स्टँड नवा करताना: पॉलिश, सनमायका आणि वरचा टॉप

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक भरला की नुसतं पाणीच अडीचशे लिटर होतं. काच, वाळू, दगड धरले तर स्टँडवर तीनशे किलोंच्या वर भार. म्हणून रंगाची गोष्ट काढण्याआधी टँक उतरवून स्टँड उलटा करा आणि पायांजवळ, मागच्या कडेला नख रुतवून बघा. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ फुगलं असेल तर विषय संपला; फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही, नवा स्टँडच करावा. लाकूड किंवा प्लाय ठणठणीत असेल तरच पुढची निवड.

स्टँड सागवानी असेल तर त्यावर सनमायका चिकटवणं मला तरी पाप वाटतं. तिथे पॉलिशच. लाखेचं पॉलिश दिसायला सगळ्यांत गोड, पण पाण्याचा ओघळ रात्रभर राहिला की पांढरा डाग. टँकखाली त्याचा उपयोग नाही. खरी स्पर्धा मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) या दोन पॉलिशांची. मेलामाइन स्वस्त आणि बहुतेक पॉलिशवाल्यांचा हात त्यावर बसलेला. मात्र सुकताना फॉर्मल्डिहाइडचा उग्र वास येतो आणि काही वर्षांनी ते पिवळसर दिसू लागतं. पीयू महाग, पण रोजची ओल, बदलताना सांडलेलं पाणी, पुसापुशी हे सगळं ते जास्त सोसतं. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यामुळे फवारणाऱ्याने योग्य मास्क लावायलाच हवा. आणि काम कुठलंही असो, मासे असलेल्या खोलीत नको: एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो, वासासकट. गच्ची किंवा सुताराचा कारखाना बरा. भर पावसाळ्यात मात्र हात लावू नका, दमट हवेत पॉलिशवर पांढुरका धुरळा धरतो.

एक बारीक गोष्ट पॉलिशवाल्याला मुद्दाम सांगावी लागते. स्टँडवर कुठे काच चिकटवायच्या जुन्या सिलिकॉनचा अंश राहिला असेल तर तिथे पॉलिश धरत नाही, बारीक खड्डे पडतात. घासण्याआधीच ते खरवडून काढायला हवं. नाहीतर पॉलिश पेपर ते सगळीकडे पसरवतो.

स्टँड प्लायचा असेल तर गणित उलटं. १ मिमीचा सनमायका एक-दोन दिवसांत लागतो, फडक्याने पुसला की झालं. त्याचा शत्रू म्हणजे कड. समोरची कड पट्टीने झाकली जाते, मागची आणि खालची उघडी राहते आणि पाणी तिथूनच शिरतं. सुतार ‘मागे कोण बघतंय?’ म्हणेल. ऐकू नका.

टॉपचं, म्हणजे टँकवरच्या झाकणाचं, मात्र वेगळं. तो बाहेरून शोभेचा दिसला तरी खरी झीज आतून होते, कारण चोवीस तास वाफ खालच्या बाजूलाच लागते. इथे दोनच पर्याय विचारात घेण्यासारखे. पहिला, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेला १२ मिमी प्लाय. १८ मिमीची गरज नाही, उगाच टँकच्या काठावर जादा वजन. आतून-बाहेरून पीयू, आणि लाइटच्या वायरसाठी पाडलेल्या भोकाच्या कडेलाही. दुसरा, डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला बोर्ड. ते फुगत नाही, हा मोठाच फायदा. पण स्क्रू प्लायइतका घट्ट धरत नाही आणि चार फुटांत मधे वाकतं, आडवी पट्टी लागतेच. सागाच्या रेषाही त्यावर येत नाहीत.

त्यामुळे सागवानी स्टँडला साग व्हिनिअर (सागाचा पातळ पापुद्रा) लावलेल्या प्लायचा टॉप, आणि सनमायकाच्या स्टँडला त्याच सनमायकाचा डब्ल्यूपीसी टॉप, असं मी सुचवेन. दुसऱ्या जोडीत रंग जुळवायची डोकेदुखी नाही, शीट्स फक्त एकदमच घ्या. पहिल्या जोडीत आहे: जुना साग गडद झालेला असतो, नवा व्हिनिअर फिकट. स्टँड पूर्ण घासून टॉपसोबतच पॉलिशला द्यावा. त्याच व्हिनिअरच्या तुकड्यावर स्टेन (लाकडाचा रंग) लावून, शेवटचा कोटही देऊन, तो स्टँडशेजारी दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबखाली दोन्हीकडे बघावा. शेवटच्या कोटानंतर रंग बदलतो.

टॉपची मागची बाजू उघडी ठेवा. फिल्टरचा पाइप जातो आणि हवाही खेळते. गुरामी, फायटर यांना पृष्ठभागावर येऊन श्वास घ्यावा लागतो, तिथे हवा कोंडून चालत नाही. बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच.

खर्चापेक्षा मोठा फरक वेळेचा आहे. सनमायकात मासे दोन-तीन दिवसांत परत येतात. पीयू हाताला काही तासांत सुकलेलं लागलं तरी पुरतं पक्कं व्हायला आठवडा द्यावा, त्याआधी ओल्या वाफेवर टॉप ठेवू नये. तेवढे दिवस मासे टबात, आणि जुना फिल्टर त्याच टबात चालू. फिल्टरचा स्पंज सुकला तर त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात आणि परतलेल्या माशांना अमोनियाचा त्रास होतो.