इन्सुलिन: पेन घ्यावं की बाटली-सिरिंज?
मावशीला इन्सुलिन सुरू झालंय आणि घरात यावरूनच वाद चाललाय. खर्चात बाटली स्वस्त, प्रश्नच नाही, पेनला कार्ट्रिज (आत बसवायची इन्सुलिनची नळी) महाग वर सुया वेगळ्या. पण डोस मोजायला पेन सोपं, आकडा फिरवायचा, आधी २ युनिट हवेत सोडून बघायचे आणि टोचल्यावर १० मोजून मगच सुई काढायची. सिरिंजमध्ये खरी गोची आकड्याची, आपल्याकडे बाटली बहुतेक ४० ची (म्हणजे एका मिलीत ४० युनिट), तिला लाल टोपणाची ४० चीच सिरिंज हवी, केमिस्टने केशरीवाली १०० ची दिली तर डोस निम्म्याहून कमी जातो आणि शुगर का उतरत नाही कळतच नाही! टोचायची जागा दोन्हीत रोज बदलायचीच.
नजर कमी, हात थरथरतो, नोकरी फिरतीची असेल तर पेन. बजेट टाइट आणि घरात नीट भरून देणारं कोणी असेल तर सिरिंज बिनधास्त.