बाबुल (2006) : सासऱ्याचं मन मोठं आहे, पण मिलीला कुणी विचारलं?

परवा आत्या चिपळूणहून आली होती, दुपारी वाल सोलत बसलो होतो दोघी आणि टीव्हीवर बाबुल लागला. मी हा पिक्चर आला तेव्हा थेटरात बघितलेला, डिसेंबर 2006 मध्ये, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर, आणि तेव्हा हुंदके देऊन रडलेले. या वेळी पण रडले, पण वेगळ्या जागी, म्हणून म्हटलं लिहूया.

स्टोरी बहुतेकांना माहीत असेल. बलराज कपूर म्हणजे अमिताभ, श्रीमंत माणूस, बायको हेमा मालिनी, एकुलता एक मुलगा सलमान. मुलगा अमेरिकेतून शिकून येतो, मिलीच्या म्हणजे राणी मुखर्जीच्या प्रेमात पडतो, लग्न होतं, बाळ होतं आणि मुलगा अपघातात जातो. मग सासरा सुनेचं दुःख बघू शकत नाही आणि तिच्या बालपणीच्या मित्राला, जॉन अब्राहमला, परदेशात जाऊन गाठतो आणि म्हणतो माझ्या सुनेशी लग्न कर. घरातला मोठा भाऊ, ओम पुरी, भडकतो. बाकी बघा.

तेव्हा समीक्षकांनी काय म्हटलं ते थोडंफार आठवतंय. विषय चांगला, अमिताभ छान, पण पिक्चर लांबलचक, जुन्या वळणाचा, रडारड फार, असा एकूण सूर होता. शिवाय 2003 चा बागबान सगळ्यांच्या डोक्यात ताजा, तोच दिग्दर्शक रवी चोप्रा, तीच अमिताभ-हेमा जोडी, त्यामुळे तुलना होणारच होती, आणि बाबुल काही बागबानसारखा चालला नाही. लांबीबद्दलची तक्रार मला शंभर टक्के पटते. पहिला अर्धा भाग नुसता नाचगाणी, बंगला, बापलेकाची मस्ती यातच जातो, आदेश श्रीवास्तवची गाणी एकामागून एक येत राहतात, आणि ज्या गोष्टीसाठी आपण बसलोय ती सुरू व्हायला मध्यंतर उजाडतं. पण रडारड जास्त आहे ही तक्रार मला पटत नाही. ज्या घरातला तरुण मुलगा गेलाय तिथे लोक रडणारच ना, त्यात जास्त काय आणि कमी काय.

माझं दुखणं वेगळंच आहे. या सगळ्या पिक्चरमध्ये मिलीला कुणी विचारत नाही. सासरा चांगला माणूस आहे यात वादच नाही, अमिताभने ते काम जीव ओतून केलंय, मुलगा गेल्यानंतर त्याचे खांदे जसे खाली येतात ते बघून पोटात तुटतं. पण तो विमानात बसून नवरा मुलगा ठरवायला जातो आणि जिचं लग्न व्हायचंय तिला त्याचा पत्ता नाही! नंतर कळतं, ती चिडते, मग हळूहळू तयार होते. एक तिला विधवा म्हणून ठेवायला निघालाय, दुसरा सुखी करायला निघालाय, आणि शेवटचं मोठं भाषणसुद्धा सासऱ्याचंच. राणीसारखी अभिनेत्री हातात असताना तिला पाच मिनिटं सलग बोलू द्यायला काय हरकत होती? तिला रात्री झोप लागत नाही का, नवऱ्याच्या कपड्यांचं कपाट तिने उघडलं का, दुसरं लग्न केलं तर आपण वाईट ठरू असं तिला वाटतं का, हे सगळं तिच्याच तोंडून ऐकायचं होतं मला.

आणि सारिका. तिचं काम छोटं आहे, पुष्पा नावाची, त्याच घरातली वर्षानुवर्षं विधवेचं जिणं जगणारी बाई. ती पडद्यावर आली आणि आत्याचा हात थांबला. अर्धवट सोललेला वाल बोटात तसाच धरलेला, साल अंगठ्याला चिकटलेली, आणि बघतेय. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाली, "थांब गं, हिला बघू दे." माझी आत्या 27 व्या वर्षी विधवा झाली, पदरात दोन वर्षांचा मुलगा. हळदीकुंकवाला तिला कुणी या म्हणायचं नाही आणि ती पण जायची नाही, आतल्या खोलीत वाटली डाळ आणि पन्हं करून द्यायची. घरात कुणी वाईट वागलं नाही हो तिच्याशी. पिक्चर संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. लग्न कर असंही नाही आणि करू नको असंही नाही."

त्या रात्री मी शोधत बसले आणि एक गोष्ट लक्षात आली. विधवा पुनर्विवाहाचा कायदा, ज्यासाठी ईश्वरचंद्र विद्यासागर झटले, तो 1856 चा. याच विषयावर बी. आर. चोप्रांनी, म्हणजे रवी चोप्रांच्या वडिलांनी, एक ही रास्ता काढला 1956 मध्ये, मीना कुमारी, सुनील दत्त, अशोक कुमार. आणि मुलाने बाबुल काढला 2006 मध्ये. म्हणजे कायद्याला दीडशे वर्षं झाली आणि बापाच्या पिक्चरला पन्नास, आणि तरी विषय नवा वाटावा अशी आपली अवस्था.

त्या 1856 च्या कायद्यात सुद्धा मेख होतीच, लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क गेला. पुढे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 24 होतं, की आधी वारलेल्या मुलाच्या विधवेने सासरा जायच्या आत दुसरं लग्न केलं असेल तर तिला विधवा म्हणून त्याच्या मिळकतीत वाटा नाही. म्हणजे हुबेहूब मिलीची केस! हे कलम 2005 च्या दुरुस्तीत काढून टाकलं, पिक्चर यायच्या एकच वर्ष आधी. पण बाबुलमध्ये पैशाचा, घराचा, मुलाच्या खर्चाचा शब्दसुद्धा येत नाही, कारण सासरा गडगंज. आमच्याकडे पहिला प्रश्न तोच असतो, पेन्शनचं काय, पोर कुणाकडे राहणार, खोली कुणाच्या नावावर.

ओम पुरीचा मोठा भाऊ काहींना जुनाट वाटू शकेल. मला अजिबात नाही वाटला. 1893 ला धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं तर मुरूडला, त्यांच्याच गावात, त्यांना वाळीत टाकलं होतं, आणि मुरूड चिपळूणपासून काही फार लांब नाही. आणि कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव करावा लागला तो 2022 साली. असे मोठे भाऊ अजून प्रत्येक भावकीत एकेक आहेतच.

हेमा मालिनी पण मला आवडली. ती आधी विरोध करते आणि तो विरोध खरा वाटतो, मुलगा गेलाय, आता सून पण जाणार म्हटल्यावर कुठल्या आईचा जीव तयार होईल. जॉन बिचारा ठीक, त्याला करायलाच फार काही दिलेलं नाही.

तर बघावा का? बघा, आणि घरातल्या मोठ्या बायकांबरोबर बघा, पहिल्या अर्ध्यातली गाणी पुढे ढकलली तरी चालतील. माझ्याकडून पाचात तीन, त्यातला एक नुसता सारिकाचा.

आत्या उद्या परत जातेय. एक ही रास्ताबद्दल तिला सांगितलं तर म्हणाली, तो पण लाव, आज रात्रीच बघू.