पाच बलं दाखवायची कशी: चौकटी, जाळं की रंगीत तक्ता?

पाच बलं, म्हणजे धंद्यावर दाब टाकणाऱ्या पाच गोष्टी, धरून बाजारातल्या स्पर्धेचा अभ्यास झालाय, पण मीटिंगमध्ये तो मांडायचा कसा यावर गाडी अडलीय? माझं मत आधीच सांगतो: समोरच्यांनी निर्णय घ्यायचा असेल तर तक्ता, विषय समजावायचा असेल तर चौकटी. जाळं मात्र जपून.

उदाहरण मुंबईच्या काळी-पिवळी टॅक्सीचं घेऊ. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी 1979 साली मांडलेल्या पाच बलांचं नेहमीचं चित्र तिला चपखल बसतं. मधोमध धंद्यातली आपापसातली चुरस. वर नव्याने शिरणारे, खाली पर्याय: लोकल, बेस्ट आणि आता आरे ते कफ परेड धावणारी मेट्रो 3. डावीकडे पुरवठादार, म्हणजे सीएनजी देणारी महानगर गॅस. उजवीकडे प्रवासी, ज्याला टॅक्सी सोडून मोबाइलवरून बोलवायच्या गाडीकडे वळायला वेगळी दमडीही मोजावी लागत नाही. चारही बाण आत वळलेले असल्यामुळे दाब कुठून येतोय हे टॅक्सीवाल्यालाही बघताक्षणी कळतं. पण चौकटी सगळ्या सारख्याच, त्यामुळे कुठला दाब जास्त हे समजत नाही. बाण जाड-बारीक केले की थोडंफार भागतं.

कोळ्याच्या जाळ्यासारखा रडार चार्ट दिसायला देखणा, म्हणून पुष्कळजण तोच निवडतात. त्यात दोन खोट आहेत. प्रत्येक बलाला मधून बाहेर जाणारा एक अक्ष आणि त्यावर पाचपैकी गुण देऊन टोकं जोडली की डोळा आतलं क्षेत्रफळ बघतो, आणि तेच गुण ठेवून अक्षांचा क्रम बदलला तरी ते क्षेत्रफळ बदलतं. शिवाय मधली चुरस इथे बाकीच्या चौघांच्या रांगेत येऊन बसते. एका कामाला मात्र जाळं खरंच उपयोगी आहे: 2014ची टॅक्सी आणि आजची टॅक्सी एकावर एक ठेवून दाखवायला. ॲपवाल्या गाड्या तेव्हा नव्याने शिरणाऱ्यांत मोडायच्या, आज त्या थेट प्रतिस्पर्धी आहेत. फुगवटा एका टोकाकडून दुसरीकडे सरकलेला स्पष्ट दिसतो.

तक्त्यात पाच ओळी करा आणि तीन रकाने: बल, जोर, कारण. खरी किंमत तिसऱ्या रकान्याची. टॅक्सीचं भाडं सरकार ठरवतं. फेब्रुवारी 2025 मध्ये किमान भाडं 28 वरून 31 रुपये झालं. मधल्या काळात सीएनजी महागला तर चालकाला तो बोजा प्रवाशावर टाकता येत नाही. सरकारसाठी सहावी चौकट काढायचा मोह होतो, पण पोर्टर सरकारला बल मानत नाहीत. सरकार या पाच बलांमधूनच काम करतं. म्हणून भाड्याचं हे बंधन पुरवठादाराच्या ओळीत, कारणाखाली लिहायचं. चौकटीत किंवा जाळ्यात एवढं वाक्य मावतच नाही.

जोर म्हणजे कुणाचा जोर, हेही तक्त्यावरच लिहा. 5 म्हणजे बल जबर, म्हणजे धंद्याला वाईट. हे लिहिलं नाही तर अर्धी मंडळी 5 म्हणजे उत्तम असं धरून चालतात.

आणि रंग. दादरला मी एकदा असाच तक्ता झेरॉक्स करून वाटला. लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे उमटले, आणि मीटिंगची पहिली दहा मिनिटं कुठली ओळ धोक्याची हे सांगण्यात गेली. लाल-हिरव्यातला फरक काहींच्या डोळ्यांना मुळातच कळत नाही, तेही लक्षात असू द्या. तेव्हापासून एकाच निळ्याच्या फिक्या-गडद छटा घेतो आणि प्रत्येक घरात आकडा ठळक लिहितो.