एफएमजीई तीनदा नापास, मग मेडिकल कोडिंगचा क्लास : ३८ हजारांत काय मिळालं

आधी मार्क सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. १४१, १३८, १४६. किर्गिझस्तानातून सहा वर्षांची डॉक्टरकी करून आले आणि इथली एफएमजीई तीनदा दिली. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांना ही परीक्षा पास झाल्याशिवाय इथं प्रॅक्टिस करता येत नाही. ३०० प्रश्न, पासाला १५०, चुकीच्या उत्तराला मार्कही कापत नाहीत. जून आणि डिसेंबर, वर्षातून दोनदा परीक्षा. शंभरातले पंचवीसही बऱ्याचदा पास होत नाहीत हे मला माहीत आहे, पण चार मार्कांनी गेलेलीला त्याचा काय उपयोग.

आमच्या खानापुरात ही गोष्ट लपत नाही. कौलांच्या दुकानात बाबांना कुणीतरी रोज विचारायचंच, "पोरगी दवाखाना कधी काढूलालीय?" शेजारच्या काकू तर गुडघा पुढं करूनच बसायच्या. "गोळीचं नाव तेवढं सांग की गं." मी पॅरासिटामॉलसुद्धा सांगायचं बंद केलं होतं.

याच काळात एका नर्सिंग होममधून निरोप आला. रात्रपाळीला बसायचं, महिना वीस हजार, सही मोठे डॉक्टर सकाळी येऊन करतील. मामा म्हणाले, "अगं, सगळेच करतात, तुला काय होतंय?" होतंय हे, की रजिस्ट्रेशन नसताना प्रॅक्टिस केली तर एनएमसी म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याच्या कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि रात्री दोन वाजता छातीत कळ आलेला माणूस समोर आला, तर सही करणारे डॉक्टर झोपलेले असणार. नाही म्हटलं. मामा अजून नीट बोलत नाहीत.

तर क्लास. बेळगावात, टिळकवाडीकडच्या एका गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शिकवणाऱ्या मॅडमचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही, आणि मालकाची जाहिरात करायची इच्छा त्याहून नाही. तीन महिने, फी ३८,०००, दोन हप्त्यांत. बॅचमध्ये आम्ही चौदा जण. बी.फार्म., नर्सिंग, बायोटेक, दोन बीएएमएस, आणि माझ्यासारखे 'फॉरेन'वाले तिघं. कॉम्प्युटर अकरा, त्यातले चालू नऊ.

काम काय, ते थोडक्यात. अमेरिकेतल्या दवाखान्यातला डॉक्टर पेशंटची नोंद लिहितो. ती वाचून आजाराला आयसीडी-१० चा कोड द्यायचा आणि जे केलं त्याला सीपीटीचा. त्यावर तिकडची विमा कंपनी पैसे देते. पेशंटला हात लावायचा नाही, म्हणून इथलं लायसन लागत नाही. मधुमेहाला ई-११.९, रक्तदाबाला आय-१०. गाईनं ढुशी मारली तर त्यालाही कोड आहे, डब्ल्यू-५५.२२. खानापूरच्या बाजारात हा रोज वापरता येईल. म्हशीला मात्र स्वतःचा कोड नाही, ती 'इतर खुरांची जनावरं' यात ढकलावी लागते. आमच्याकडच्या म्हशीचा एवढा अपमान मी पहिल्यांदाच पाहिला.

शिकवणाऱ्या मॅडम धारवाडकडच्या, सात-आठ वर्षं बेंगळूरला कोडिंग केलेल्या. कन्नड, मराठी, हिंदी सगळं एकाच वाक्यात. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक ओपीडीची नोंद दिली. चोपन्न वर्षांचा माणूस, तीन दिवस ताप आणि खोकला, उजव्या बाजूला खाली क्रेप्स, म्हणजे श्वास घेताना छातीत करकर आवाज, डॉक्टरनं शेवटी लिहिलेलं, 'प्रॉबेबल न्यूमोनिया'. मी दहा सेकंदांत जे-१८.९ टाकला आणि हात वर केला. चूक. ओपीडीत 'प्रॉबेबल', 'सस्पेक्टेड' असं लिहिलेल्या आजाराला कोड द्यायचाच नाही. नक्की आहे तेवढंच घ्यायचं, म्हणजे खोकला आर-०५.९ आणि ताप आर-५०.९. मी वाद घातला, "मॅडम, क्रेप्स आहेत, हा न्यूमोनियाच आहे." त्या म्हणाल्या, "असेल. तुम्हाला कुणी विचारलंय?" आणि फळ्याकडं वळून, "बरदिल्ल अंद्र माडिल्ल." लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. गंमत म्हणजे तोच माणूस अ‍ॅडमिट असता आणि डिस्चार्जच्या वेळी तेच 'प्रॉबेबल' लिहिलेलं असतं, तर मात्र न्यूमोनियाचाच कोड. यामागचं कारण विचारायचं नाही, नियम पाठ करायचा.

सहा वर्षं मला अंदाज बांधायला शिकवलं होतं. तीन लक्षणांवरून चौथं ओळख, चारांवरून आजार. इथं तीच सवय आडवी येते. शरीररचना मला येत होती, म्हणून पहिले पंधरा दिवस मी पुढं. नियम सुरू झाल्यावर गोकाकची एक बी.फार्म. झालेली मुलगी आम्हा तिघाही 'डॉक्टरां'ना मागं टाकून गेली, कारण ती फक्त लिहिलेलं वाचायची. कुणी सांगितलं की 'तुम्ही डॉक्टर, तुम्हाला कोडिंग म्हणजे डाव्या हाताचा मळ', तर विश्वास ठेवू नका. आमच्या मालकांनी प्रवेश घेताना नेमकं हेच सांगितलं होतं.

आता तक्रारी. पहिली पुस्तकांची. सीपीसीच्या, म्हणजे कोडरच्या अमेरिकन सर्टिफिकेटच्या परीक्षेला पुस्तकं उघडून बसता येतं. १०० प्रश्न, चार तास, पासाला ७० टक्के. म्हणजे पुस्तकात काय कुठं आहे हे बोटांना माहीत हवं. आणि हे कोड दरवर्षी बदलतात, आयसीडीचे १ ऑक्टोबरला, सीपीटीचे १ जानेवारीला. आम्हाला दिलं काय, तर दोन वर्षं जुन्या पुस्तकांची खालच्या दुकानातली झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग केलेली. खोकल्याचा कोड त्या आयसीडीत होता, पण दुसरे तीन-चार कोड मला परीक्षेच्या महिनाभर आधी नव्यानं पाठ करावे लागले. चालू वर्षाची पुस्तकं मी स्वतः घेतली, ते पैसे वेगळे. परीक्षेची फीसुद्धा वेगळी आणि तीही डॉलरमध्ये. हे प्रवेशाच्या वेळी कुणी बोललं नव्हतं.

दुसरी तक्रार 'शंभर टक्के प्लेसमेंट'ची. ती म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यात चेन्नई, हैदराबाद, बेंगळूरच्या नोकऱ्यांच्या जाहिराती पुढं ढकलतात, त्याही कुठून कुठून आलेल्या. बेळगावात एकसुद्धा नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, आम्ही संधी दाखवतो." फलकावर हा शब्द नाही.

तिसरी तक्रार माझ्या मनातली जास्त आहे. प्रवेशाच्या वेळी 'करिअर कौन्सेलिंग' म्हणून अर्धा तास बसवलं, त्यात कोडिंगखेरीज दुसरं अक्षर नाही. आमच्यासारख्यांना फार्माकोव्हिजिलन्स आहे, औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासायचं काम, माझी मैत्रीण पुण्यात करते. क्लिनिकल रिसर्च आहे. हॉस्पिटल मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा कोर्स आहे, फक्त फी भरायच्या आधी 'माझी परदेशी डिग्री चालेल का' हे कॉलेजकडून लेखी घ्या. एक बॅचमेट प्लॅबच्या, म्हणजे ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायच्या परीक्षेच्या मागं आहे. त्या परीक्षेला एफएमजीई लागत नाही, कॉलेज मात्र जीएमसीला, म्हणजे तिकडच्या मेडिकल कौन्सिलला मान्य हवं, पहिला पेपर १८० प्रश्नांचा आणि दुसऱ्यासाठी मँचेस्टरला जावं लागतं. खर्च ऐकूनच बाबांनी पाण्याचा तांब्या मागितला.

मालक आणखी एक गोष्ट सांगतात, की क्लास करत करत एफएमजीईचा अभ्यासही होतो. नाही होत. मी तीन आठवडे करून बघितलं. सकाळी 'अंदाज करू नको', संध्याकाळी टेस्ट सिरीजमध्ये 'अंदाज कर'. १४६ वरून माझे १२९ झाले. तुम्ही दहा मार्कांच्या आत गेला असाल आणि घरचं चालत असेल, तर आणखी एक अटेम्प्ट नीट द्या, मगच इकडं या.

मी सीपीसी ७४ टक्क्यांनी पास झाले. नावापुढं अजून 'ए' आहे, म्हणजे अप्रेंटिस, अनुभव दाखवल्यावर जाईल. नोकरी स्वतः शोधली, दोन महिने लागले. बेंगळूर, सुरुवात २१ हजार. नर्सिंग होमपेक्षा फक्त हजार जास्त, पण सही माझी आहे.

पाचपैकी तीन तारे, तिन्ही मॅडमचे. प्रवेश घ्यायचाच असेल तर त्या अजून आहेत का ते आधी विचारा, फुकटचं एक लेक्चर बसून बघा आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं वर्ष वाचा. खानापूर, नंदगडकडून येणाऱ्यांनी सकाळची बॅच घ्यावी. संध्याकाळची सव्वाआठला सुटते, आणि मग स्टँडपर्यंत रिक्षाला जे द्यावे लागतात त्यात एक पाव किलो कुंदा येतो.